दोन खाचांची मेंढी

मित्रांनो, मी एक म्हातारी मेंढी आहे, आणि मी फार रागीट आहे. मेंढी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे मान खाली घालून चालणारी, कुणी हाकलेल तिकडे जाणारी बापडी उभी राहते. आम्ही तशा दिसतो खऱ्या, पण दिसण्यावर जाऊ नका. मी आयुष्यभर दोघांवर डूख धरून जगले. एक हिरवी माशी आणि दुसरी एका माणसाच्या हातातली सुरी.

माझा डावा कान नीट पाहा. त्याच्या कडेला दोन खाचा आहेत. एखाद्या पोळीचा कुणी दोन ठिकाणी घास घ्यावा तशा. त्या खाचा मला जन्मतः नव्हत्या. त्या कशा पडल्या तेच मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म न्यू साउथ वेल्सच्या पठारावर, मुलिंगार गावाबाहेरच्या लेस ट्रेगेन्झाच्या कुरणात झाला. ऑगस्टचा गारठा होता; आमच्याकडे हिवाळा तेव्हा असतो आणि नाताळ भर उन्हाळ्यात. आमची जात मेरिनो. आमची लोकर इतकी दाट असते की तिच्यात बोट खुपसले तर कातडी लागायला वेळ लागतो. त्या लोकरीवर लेसच्या घराचे छप्पर उभे होते, त्याची गाडी चालत होती आणि त्याच्या बायकोचा, बेरिलचा, नाताळचा केक होत होता. माणसांना आमच्या लोकरीचे फार कौतुक. माशीलाही होते.

लेस हा उंच, वाळका, कमी बोलणारा माणूस. वाईट नव्हता. उन्हाळ्यात पाणी आटले की तो आधी आमचे हौद भरायचा, मग घराकडे बघायचा. पण त्याला टापटिपीचे वेड होते. त्याच्या कुंपणाचे खांब एका रेषेत, शेडमधले झाडू एका रेषेत, आणि आमच्या शेपट्या एका मापाच्या. ते माप म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

कोकरू दीडएक महिन्याचे झाले की त्याची शेपूट छाटतात. ज्या लोखंडी चौकटीत कोकराला उताणे अडकवतात, तिला इकडे पाळणा म्हणतात. हे नाव कुणी ठेवले ते मला ठाऊक नाही, पण तो कधी भेटला तर मला त्याच्याशी बोलायचे आहे. शेपूट तिसऱ्या पेरापर्यंत राखली तर ती पुरेशी असते. लेस मात्र ती अगदी मुळाशी छाटायचा. त्याच्या वडिलांनी त्याला तसेच शिकवले होते. कळप मागून पाहावा, असे ते म्हणत. मुलिंगारला दरवर्षी कळपांची स्पर्धा होते. परीक्षक शेताशेतावर जाऊन मेंढ्या पाहतात, आणि लेसच्या मेंढ्या मागून अशा काही गुळगुळीत दिसत की पहिल्या क्रमांकाची फीत बहुतेक त्यालाच मिळे. त्या फिती शेडच्या दारावर ओळीने टांगलेल्या होत्या. अर्थात एका रेषेत.

मित्रांनो, शेपूट ही काही शोभेची वस्तू नाही. मेंढी लघवी करताना ती उचलते, म्हणजे लोकर भिजत नाही. एरवी ती खालची नाजूक जागा झाकते, आणि माशी बसली की तिला झटकते. मला उचलायला काही उरलेच नव्हते. माझी मागची लोकर कायम ओली राहायची. ओल्या लोकरीला वास येतो, आणि त्या वासाची वाट पाहत एक हिरवी, तांबूस झाक असलेली माशी कुठेतरी गवतावर बसलेली असते.

मी दोन वर्षांची असताना नाताळच्या आधी दहा दिवस सतत पाऊस पडला. मग ऊन पडले आणि सगळे कुरण वाफाळले. त्या दुपारी माझ्या मागे माशीने अंडी घातली. मला कळलेही नाही. दुसऱ्या दिवशी आत काहीतरी हलू लागले. मी पाय आपटले, मान वळवून लोकर चावली, गोल गोल फिरले. तिसऱ्या दिवशी मी कळपापासून लांब जाऊन उभी राहिले, कारण दुसऱ्यांची नजरही मला सोसवेना.

अळ्या माझी कातडी खात होत्या. माझ्या शरीराने मग आपल्या परीने लढाई सुरू केली. जागा तापली, सुजली, लाल झाली, आणि तिच्यातून लस गळू लागली. मला वाटले, शाब्बास, आता या मरतील. पण पुढे फार दिवसांनी मला कळले की अळ्यांना नेमकी तीच लस हवी असते. ती पिऊनच त्या वाढतात. शिवाय त्यांच्या थुंकीत असे काही असते की आमच्या रक्तातले लढणारे कण गुंगतात. म्हणजे मी जितकी संतापले तितक्या त्या धष्टपुष्ट झाल्या. माझा रागच त्यांचे जेवण होते. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

लेसच्या कुत्र्याने मला शोधले. लेसने मला आडवी केली, घाण झालेली लोकर कातरून काढली आणि जखमेवर औषध ओतले. अळ्या भराभरा खाली पडल्या. त्याचा हात त्या वेळी हळुवार होता, हे मी नाकारत नाही. पण मग त्याने खिशातून पक्कड काढली आणि माझ्या कानाला पहिली खाच पाडली.

हा त्याचा नियम होता. ज्या मेंढीला माशी लागली तिच्या कानाला एक खाच. पुन्हा लागली तर दुसरी खाच, आणि दोन खाचांची मेंढी ट्रकमध्ये. तो ट्रक कुठे जातो हे आम्हाला कुणी सांगितलेले नव्हते, पण त्यातून परत आलेली एकही मेंढी मी पाहिली नाही. अशा मेंढ्यांचे रक्त कच्चे असते आणि त्या कळपात राहिल्या तर कच्चेपणा पसरतो, असे लेस म्हणायचा. मुलिंगारमधले बरेचजण असेच समजत. माझ्याबरोबर वाढलेल्या कितीतरी जणी त्या ट्रकमध्ये चढल्या. त्यांतली एकही कच्ची नव्हती. त्यांच्या शेपट्या मात्र सगळ्यांच्या सारख्याच होत्या.

पुढच्या ऑगस्टमध्ये मला मुलगा झाला. पहिले मूल ते. त्याचे पाय त्याच्यापेक्षा लांब होते आणि तो वाऱ्याला घाबरायचा. ऑक्टोबरात त्याला पाळण्यात घातले. शेपटीची जखम मोठी होती, त्या आठवड्यात उकाडा होता, आणि माशी त्या जखमेवर बसली. चौथ्या दिवशी तो चालेनासा झाला. मी त्याच्याभोवती उभी राहून ओरडत होते. लेस आला तेव्हा उशीर झाला होता. तो वाकला, कोकराला पायाने किंचित उलटवून पाहिले आणि म्हणाला,

"आईवर गेलं. कच्चंच रक्त."

मित्रांनो, त्या दिवसापर्यंत मी फक्त माशीवर रागावलेली होते. त्या दिवसानंतर मी दोघांवर रागावले. त्या वाक्यातला एकेक शब्द मी रवंथ करीत राहिले. मी ठरवले की माशीच्या पिल्लांना मरताना पाहीन, आणि या माणसाला खाली मान घालताना पाहीन. त्याशिवाय मी मरणार नाही.

पण ठरवून काय होते? पुढच्या मार्चमध्ये पुन्हा पाऊस झाला आणि पुन्हा माझ्या मागे अळ्या पडल्या. दुसरी खाच पडली. ट्रक गुरुवारी येणार होता.

मंगळवारी हिल्डा प्रॉसर आली. ती पशुसंशोधन करणारी बाई. आखूड केस, चिखलाचे बूट, आणि मेंढ्यांशी बोलण्याची सवय. तिला बारा मेंढ्या हव्या होत्या. सहा दोन खाचांच्या, आणि सहा अशा की ज्यांना माशी कधीच लागलेली नाही. एकदा अळ्या सोसलेल्या मेंढीचे रक्त काही शिकते का, हे तिला पाहायचे होते.

लेसने दोन खाचांच्या सहाजणी आनंदाने दिल्या. नाहीतरी ट्रकमध्येच जायच्या आहेत, तुमचे काम झाले की मग पाठवू, असे म्हणाला. बिनखाचेच्या सहाजणी शोधताना मात्र त्याला ऑर्म विल्कॉककडून आणलेल्या मेंढ्यांपर्यंत जावे लागले. ऑर्म हा रस्त्यापलीकडचा शेजारी. त्याची कुंपणे वाकडी, दारे लोंबकळलेली, आणि त्याच्या मेंढ्यांच्या शेपट्या लांब. लेस त्याला नेहमी चिडवायचा की तुझ्या मेंढ्या मागे झाडू बांधून फिरतात. ऑर्म फक्त हसायचा. लेसने गेल्या वर्षी त्याच्याकडून थोड्या मेंढ्या घेतल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीलाही खाच नव्हती. त्या जाड कातडीच्या असतील, असे लेसचे मत होते.

आम्हा बाराजणींना शेडमध्ये कोरड्या जागी ठेवले. हिल्डाने माझा नंबर सात ठेवला. तिने माझ्या पाठीवरचा एक तुकडा भादरला, त्यावर ओला कापूस ठेवला आणि नुकत्याच जन्मलेल्या पन्नास अळ्या मोजून सोडल्या. वरून जाळी बांधली. दोन दिवसांनी ती जाळी काढायची, किती उरल्या ते मोजायची, मग सगळ्या काढून औषध लावायची. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. असे चार वेळा, आणि तेही फक्त आम्हा दोन खाचांच्या सहाजणींवर; ऑर्मच्या सहाजणी तुलनेसाठी तशाच ठेवल्या होत्या.

दुसऱ्या मेंढ्या थरथरत होत्या. मी पाठ ताठ केली. माणसांना हे कळले नसेल, पण मी ती पाठ मुद्दाम दिली. या, म्हटले, या. एवढ्या जवळ तुम्ही मला पुन्हा कधी मिळणार?

पहिल्या खेपेला चव्वेचाळीस अळ्या उरल्या, गुबगुबीत. मी मनात जळले. दुसऱ्या खेपेला एकतीस. हिल्डाने पुन्हा मोजल्या. तिसऱ्या खेपेला अठरा. आणि चौथ्या खेपेला जाळी उघडली तेव्हा सात उरल्या होत्या, त्याही मरगळलेल्या. बाकीच्या कापसात वाळून पडल्या होत्या.

हिल्डाला एवढ्याने समाधान नव्हते. तिने बाराजणींचे रक्त काढले, ते निवळू दिले, आणि वरचे पिवळसर पाणी काचेच्या नळ्यांत घातले. प्रत्येक नळीत ताज्या अळ्या सोडल्या. त्या नळ्या लोकर पसरायच्या टेबलावर, माझ्या डोळ्यांसमोर होत्या. बेरिल मदतीला यायची. ती आधी नाक मुरडत होती, मग भिंग हातात घेतले की सोडेना. दोन दिवसांनी ऑर्मच्या मेंढ्यांच्या नळ्यांत अळ्या शिजलेल्या भाताच्या शितांसारख्या फुगल्या होत्या. माझ्या नळीतल्या तांदळाच्या कणीएवढ्याच राहिल्या होत्या. पीत होत्या, पण वाढत नव्हत्या. बाकीच्या दोन खाचांच्या पाचजणींच्या नळ्यांतही थोडेफार तसेच होते.

लेसला बोलावले. हिल्डाने त्याला सोप्या शब्दांत सांगितले.

"अळी काय पिते? हिच्या जखमेतली लसच ना. आता हिच्या रक्तानं अळीला ओळखून तिच्याविरुद्धचं औषध त्या लशीतच कालवलंय. अळी पोटभर पिते आणि तिचं पोटच चालत नाही. सात नंबर तर सगळ्यांत भारी."

मित्रांनो, मला झालेला आनंद चांगला नव्हता. तो आसुरी आनंद होता. पहिल्या वेळी त्या माझा राग पिऊन माजल्या होत्या. आता त्यांनी तोच राग पिऊन मरावे यापेक्षा गोड काय असेल? मी दिवसभर त्या नळीकडे पाहत उभी राहिले. एकेक अळी हलायची थांबली की मला माझ्या मुलाचे लांब पाय आठवायचे. दया आली नाही. खोटे कशाला सांगू?

लेस मात्र टोपी हातात फिरवत उभा होता. तो म्हणाला, रक्त एवढे पक्के आहे तर मग या आजारी कशा पडल्या? हिल्डाने प्रामाणिकपणे सांगितले की ते तिला अजून सांगता येत नाही. बेरिल टेबलावरच्या नळ्या पुसत होती आणि तिचे लक्ष आमच्या बाराजणींच्या मागच्या बाजूंकडे होते. तो सगळा हिवाळा आम्हाला स्वच्छ ठेवण्याचे काम तिच्याकडेच होते.

ऑगस्टमध्ये मला मुलगी झाली. ट्रकच्या आधीच मेंढा कळपात सोडलेला होता, त्याची ही कृपा. ती तिच्या भावासारखी भित्री नव्हती. सहा आठवड्यांत तिची शेपूट चांगली लांब झाली होती आणि दूध पिताना ती शेपूट अशी काही नाचायची की मला हसू यायचे आणि लगेच भीती वाटायची. ऑक्टोबर जवळ येत होता. आता मला एकच गोष्ट हवी होती. या पोरीची शेपूट वाचायला हवी होती.

माझा भरवसा माझ्या रक्तावर होता. मला वाटत होते की एवढे पक्के रक्त सगळ्यांनी पाहिले आहे, आता लेसला काहीतरी कळेल.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हिल्डा पुन्हा आली. मधल्या काळात माझ्या अंगावर एकही अळी आलेली नव्हती. तिने रक्त काढले, नळ्या भरल्या, अळ्या सोडल्या. दोन दिवसांनी माझ्या नळीतल्या अळ्या भाताच्या शितांएवढ्या झाल्या होत्या. ऑर्मच्या मेंढ्यांच्या नळ्यांतल्या अळ्यांत आणि माझ्या नळीतल्या अळ्यांत काही फरक उरला नव्हता.

माझे रक्त विसरले होते. चार महिन्यांत साफ विसरले. मी विसरले नव्हते, मित्रांनो. मला ती दुपार, तो वास, ते वाक्य सगळे आठवत होते. पण रक्ताला आठवण ठेवायला पुन्हा पुन्हा चावून घ्यावे लागते, असे हिल्डा म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. रक्त असे विसरते असे दिसते, हे ती वहीत लिहीत होती, आणि तिने काही लपवले नाही.

लेसला हायसे वाटले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. तो म्हणाला की त्याने आधीच सांगितले होते, असल्या रक्तावर कळप चालत नाही. शनिवारी कोकरांच्या शेपट्या छाटायच्या, सोमवारी दोन खाचांच्या मेंढ्या ट्रकमध्ये. नेहमीसारखे. मग तो शीळ घालत बाहेर गेला. त्या वेळी मी माशीला दिले नसतील इतके शाप त्याला दिले.

शनिवार उजाडला. अशा दिवशी शेजारी एकमेकांच्या मदतीला येतात. ऑर्म आला होता. बेरिलने दुपारसाठी थंड मटणाचे सँडविच आणि चहा आणला होता. त्या सँडविचबद्दल मी काही बोलत नाही. ऑर्म कोकरू धरून पाळण्यात अडकवायचा, लेस सुरी चालवायचा, बेरिल जखमेला औषध लावायची. आया कुंपणाच्या अलीकडे, कोकरे पलीकडे. मी कुंपणाला छाती लावून उभी होते.

ऑर्मने पहिलेच कोकरू उचलले ते माझी मुलगी. तिला उताणी करून अडकवले. लेसने तिची शेपूट धरली आणि सुरी मुळाशी टेकवली. तेवढ्यात बेरिलने औषधाचा डबा खाली ठेवला आणि आपला तळहात त्या शेपटीवर ठेवला.

"हात काढ, बेरिल."

"नाही काढत."

"अगं, मागं शंभर कोकरं उभी आहेत."

"राहू देत उभी. आधी मला एक सांग. हिच्या आईला दोन खाचा आहेत. त्या माशीनं पाडल्या की तू?"

लेस म्हणाला की हे काय आता मध्येच. ऑर्मकडे पाहून तो ओशाळवाणे हसला. ऑर्म हसला नाही. बेरिलचा आवाज चढला नव्हता. ती रोज चहाला हाक मारते त्याच आवाजात बोलत होती.

"हिवाळाभर बाराजणींची मागची बाजू मी धुतलीय, लेस. तू नाही. दोन खाचांच्या सहाजणी, सगळ्या तू छाटलेल्या. माझ्या करंगळीचं एक पेरसुद्धा भरत नाही इतकी शेपूट. रोज ओल्या. ऑर्मच्या सहाजणी, तिसऱ्या पेरापर्यंत शेपूट. रोज कोरड्या. एकीलाही खाच नाही. आणि रक्त म्हणशील तर ते तुझ्यासमोर तपासलं बाईंनी. माशी लागलेल्यांचंच रक्त जास्त लढलं, आणि आता विसरल्यावर सगळ्यांचं सारखं झालं. मग कच्चं काय होतं?"

पाळण्यातली माझी मुलगी ओरडत होती.

"बाबा असंच छाटायचे," लेस म्हणाला.

"बाबांकडे आठ माणसं होती. महिन्याच्या महिन्याला प्रत्येकीची मागची लोकर कातरायचे. आपण दोघं आहोत. तू वर्षातून एकदा कातरतोस आणि मेंढीला दोष देतोस."

ऑर्मने घसा साफ केला. "माझे झाडू तसे बरे आहेत रे, लेस. दिसायला वाईट, पण झाडतात."

लेसने मान वर केली ती नेमकी माझ्याकडे. मी कुंपणापाशी उभी होते, आणि मी पापणीही लववली नाही. बघ, म्हटले, नीट बघ. तो किती वेळ पाहत होता कोण जाणे. मग त्याची मान खाली गेली. मी ज्यासाठी थांबले होते ती मान. मला वाटले होते की ती खाली जाताना पाहून मी नाचेन. पण माझे सगळे लक्ष त्याच्या हाताकडे होते.

त्याने अंगठ्याने शेपटीची पेरे चाचपली. एक. दोन. तीन. बेरिलने हात बाजूला घेतला. त्याने तिसऱ्या पेरावर सुरी चालवली. मुलगी कळवळली, मीही कळवळले, कारण दुखते ते दुखतेच. पण बेरिलने औषध लावून तिला खाली सोडले तेव्हा तिच्या मागे एक छोटी, जाडसर शेपूट होती आणि ती हलत होती.

मागची सगळी कोकरे त्याच मापाने छाटली गेली. दुपारी ते तिघे चहा प्यायले.

सोमवारी ट्रक आला. लेस फाटकापाशी गेला, चालवणाऱ्याशी थोडेसे बोलला, आणि ट्रक रिकामाच परतला. मग तो माझ्याकडे आला. त्याने माझा डावा कान बोटांत धरला आणि दोन्ही खाचांवरून अंगठा फिरवला. खाच काही भरून येत नाही, मित्रांनो. ती पाडायला क्षण लागतो आणि ती मरेपर्यंत राहते.

"काय करू आता याचं?" तो हळूच म्हणाला.

मी त्याच्या पायावर पाय दिला. सगळे वजन टाकून, खूर घट्ट रोवून. त्याने पाय काढून घेतला नाही. दात आवळून म्हणाला, "बरोबर आहे." फाटकापाशी उभी असलेली बेरिल तोंडावर हात ठेवून हसली.

त्या वर्षी स्पर्धेचे परीक्षक आले आणि लेसच्या कळपाकडे मागून पाहून त्यांनी नाके मुरडली. फीत दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. लेस रात्रीच्या जेवणापर्यंत शेडच्या दारापाशी बसून होता. मला बरे वाटले. तेवढे मला बरे वाटणारच.

नोव्हेंबरात पाऊस झाला आणि मागोमाग ऊन पडले. कुरण वाफाळले. माझी मुलगी माझ्या पुढ्यातच चरत होती. मी ती माशी पाहिली. तीच हिरवी, तांबूस झाक असलेली. ती मुलीच्या मागे घोंगावली आणि बसायला जागा शोधू लागली. मुलीने चरता चरता शेपूट उडवली. माशी उठली, पुन्हा आली. मुलीने पुन्हा शेपूट उडवली. तिथे ओले काही नव्हते, वास नव्हता. माशी थोडा वेळ भिरभिरली आणि निघून गेली. मुलीने वर पाहिलेसुद्धा नाही. काचेच्या नळीतल्या अळ्या मरताना मी दिवसभर पाहत बसले होते. ही माशी निघून जाताना मी क्षणभरच पाहिली. पण खरा सूड मला तोच वाटला.

आता मी म्हातारी झाले आहे. दात पडले आहेत, लोकर विरळ झाली आहे. लेसही थकला. कुंपणाचे खांब थोडे वाकले तरी तो आता काही बोलत नाही. मी त्याला माफ केले का, असे तुम्ही विचाराल. नाही केले. ट्रकमधून गेलेल्या माझ्या मैत्रिणींनी मला तसे करायला सांगितलेले नाही.

पण तुम्हाला एक सांगते. आमच्या रक्तात लढायची ताकद असते, पण ती विसरभोळी असते. तिच्यावर सगळे सोपवून मोकळे होऊ नका. आमची लोकर वेळेवर कातरा, आमची शेपूट आम्हाला राहू द्या, आम्हाला कोरडे ठेवा. आणि कुणी पुन्हा पुन्हा आजारी पडत असेल तर त्याच्यात काही कच्चे आहे असे म्हणण्याआधी आपल्या हातात काय आहे ते एकदा पाहा. मला दोन्ही कान पुरते हवे होते. मला माझा मुलगा हवा होता.

माझी मुलगी आता सहा वर्षांची आहे. संध्याकाळी ती माझ्याशेजारी येऊन बसते तेव्हा मी न चुकता तिच्या कानांकडे पाहते. अजून दोन्ही पुरते आहेत.